वधू-वर सूचक व्यवसाय वाढवायचाय? स्थळं नंतर, आधी चौकशी वाढवा!



मागच्या महिन्यात आपल्या बॅचमधल्या एका ताईंचा फोन आला. तालुक्याच्या गावात घरूनच ऑनलाइन वधू-वर सूचक केंद्र चालवतात. सुरुवात झाली व्हॉट्सअॅपच्या एका ग्रुपवरून. आता एक साधी वेबसाइट आहे, सात ग्रुप आहेत आणि तीन वर्षांत ६१२ बायोडेटा जमलेत.

"मॅडम, आता मोठं करायचंय. अॅप बनवून देणारा साडेतीन लाख म्हणतोय. कर्ज काढू का?"

मी म्हटलं, "ताई, कर्जाचं नंतर बघू. आधी मला एक सांगा, ६१२ पैकी आज लग्नासाठी खरंच बघतायत किती जण?"

पलीकडून उत्तर आलं नाही.

आजचा लेख त्या उत्तराबद्दल आहे. तुम्ही विवाह जुळवण्याच्या धंद्यात असाल किंवा यायचं ठरवत असाल, तर शेवटपर्यंत वाचा. काही गणितं व्हिडिओत घाईत सांगितली होती, ती इथे सावकाश मांडते.

माझ्या दुकानात पडून राहिलेल्या ४०० पत्रिका

तुम्हाला माहितीच आहे, माझं लग्नपत्रिकांचं दुकान आहे. बीबीए झाल्यावर नोकरी न करता वडिलांच्या गल्ल्यावर बसले, ती आजपर्यंत. म्हणजे लग्न जुळवणं हे माझं काम नाही, पण जुळलेलं लग्न सगळ्यात आधी छापून निघतं ते माझ्याकडे. आणि मोडलेलं लग्नही मला लवकर कळतं.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. एक काका ४०० पत्रिकांची ऑर्डर देऊन गेले होते. छपाई झाली, गणपतीचं चित्र सोनेरी रंगात, सगळं त्यांच्या मनासारखं. न्यायला आले ते एकटेच. पत्रिकांकडे बघितलंही नाही. उरलेले पैसे काउंटरवर ठेवले आणि म्हणाले, "बाई, या तुमच्याकडेच राहू द्या. घरी नेल्या तर पोरीच्या नजरेला पडतील."

मुलाचं आधी एक लग्न झालेलं होतं आणि घटस्फोट झालेलाच नव्हता. साखरपुड्यानंतर कुणीतरी कळवलं. स्थळ आलं होतं एका ऑनलाइन केंद्राकडून. काका तिथे विचारायला गेले, तेव्हा उत्तर मिळालं, "आम्ही फक्त स्थळं दाखवतो. चौकशी तुमची तुम्ही करायची."

हे वाक्य लक्षात ठेवा. या धंद्यातले बहुतेक जण या वाक्यामागे लपतात. आणि मी सांगते, तुमच्या धंद्याची वाढ नेमकी याच वाक्यात दडलेली आहे.

पूर्वी स्थळ घेऊन यायचा तो मध्यस्थ. कुणाचा मामा, कुणाची आत्या, गावातले गुरुजी. तो नुसता पत्ता देत नव्हता. "मुलगा बघितलाय, घर बघितलंय, माणसं बरी आहेत" असं सांगून स्वतःची अब्रू पणाला लावायचा. आपण ऑनलाइन आलो, पत्ते हजारांनी वाढले आणि तो शब्द देणारा माणूस मधून गळाला. लोकांना आज स्थळांची टंचाई नाही, खात्रीची टंचाई आहे. जो खात्री विकेल, तो वाढेल.

या धंद्याचं उलटं गणित

किराणा दुकानात गिऱ्हाईक खूश झालं की परत येतं. आपल्या धंद्यात गिऱ्हाईक खूश झालं की कायमचं जातं! सुपारी फुटली, लग्न लागलं, विषय संपला. म्हणून इथे वाढ म्हणजे नुसत्या नोंदण्या वाढवणं असं धरलं, तर दरवर्षी शून्यापासून पळावं लागतं.

समजा, सहा महिन्यांच्या नोंदणीची फी १,५०० रुपये. वर्षाला २०० नोंदण्या, म्हणजे ३ लाख जमा. आता खर्च बघा. जाहिरात ६० हजार, मदतनीस महिना ८ हजार म्हणजे वर्षाचे ९६ हजार, फोन-इंटरनेट-वेबसाइट धरून २४ हजार. एकूण १ लाख ८० हजार. हातात उरले १ लाख २० हजार, म्हणजे महिना दहा हजार. रात्री अकरापर्यंत फोन घेऊन!

आता याच २०० पैकी फक्त ४० जणांनी ३,५०० रुपयांची पडताळणी सेवा घेतली असं धरा. जाणं-येणं आणि माणसाचं मानधन मिळून एका पडताळणीला १,२०० खर्च. उरले २,३००. गुणिले ४०, म्हणजे ९२ हजार. एकही नवी नोंदणी न आणता १ लाख २० हजारांचे २ लाख १२ हजार झाले.

आकडे तुमच्या गावाप्रमाणे बदला, पण कागदावर हे गणित मांडल्याशिवाय अॅपवाल्याला फोन करू नका.

मोठ्यांशी कुस्ती कुठे खेळायची नाही

भारत मॅट्रिमोनी मुरुगावेल जानकीरामन यांनी १९९७ मध्ये सुरू केलं आणि २०१७ मध्ये ती कंपनी शेअर बाजारात आली. अनुपम मित्तल यांचं शादी डॉट कॉमही त्याच काळातलं. जीवनसाथी ही नोकरी डॉट कॉमवाल्या इन्फो एजची. यांच्याकडे स्थळं किती आणि जाहिरातीला पैसा किती, याचा आपण विचारही करायचा नाही. संख्येच्या आखाड्यात उतरलो की आपण चीतपट.

पण त्यांनी काय केलं ते बघून ठेवा. भारत मॅट्रिमोनीने एकाच साइटवर सगळं ठेवलं नाही. भाषेप्रमाणे वेगळ्या, समाजाप्रमाणे वेगळ्या, घटस्फोटितांसाठी वेगळी, अशा साइट काढल्या. शिवाय माणूस नेमून स्थळ शोधून देणारी महागडी सेवाही ठेवली. म्हणजे एवढं तंत्रज्ञान हाताशी असूनही त्यांना लहान गटात जावं लागलं आणि फोनवर बोलणारा माणूस ठेवावा लागला. आपल्याकडे माणूस आधीपासून आहे. आपण तोच सोडून अॅपच्या मागे लागतो!

वाढीच्या पाच वाटा

१. पडताळणीचं पॅकेज

काय काय बघायचं?

- ओळख: आधार आणि व्हिडिओ कॉलवर चेहरा. आधारची पूर्ण प्रत साठवू नका. फक्त शेवटचे चार आकडे दिसतात असं मास्क केलेलं आधार मिळतं, तेच मागा.
- शिक्षण: शेवटच्या वर्षाचं गुणपत्रक आणि पदवी प्रमाणपत्र. "बीई" लिहिलेलं असतं आणि दोन विषय राहिलेले असतात, हे नेहमीचं.
- उत्पन्न: नोकरी असेल तर तीन महिन्यांची पगारपत्रकं. शेती असेल तर सातबारा आणि आठ-अ. सातबारा ऑनलाइन बघता येतो. "दहा एकर बागायत" ही चार भावांत मिळून आहे का, तेही तिथेच कळतं.
- आधीचं लग्न: घटस्फोटित असेल तर कोर्टाच्या हुकूमनाम्याची प्रत. शंभर-पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर नोटरी केलेली फारकत दाखवली तर ती धरू नका, वकिलाला विचारा. हिंदू विवाह कायदा १९५५ प्रमाणे हुकूमनामा झाल्यावरही अपिलाची मुदत संपल्याशिवाय पुन्हा लग्न करता येत नाही. जोडीदार वारला असेल तर मृत्यूचा दाखला.
- घरभेट: आधी लेखी परवानगी घेऊन. गुपचूप शेजाऱ्यांना विचारत फिरायचं नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे अहवालात "मुलगा चांगला आहे" असं कधीही लिहू नका. तीनच शब्द वापरा: पाहिलं, पाहिलं नाही, दिलं नाही. पदवी प्रमाणपत्र – पाहिलं. पगारपत्रक – दिलं नाही. बस! निर्णय घरच्यांचा. आपण स्वभावाची हमी देत नाही, कागदाची देतो.

२. एक गट पकडा आणि त्यात खोल जा

"सर्व जाती-धर्मांसाठी, सर्व वयोगटांसाठी" असा बोर्ड म्हणजे कुणासाठीच नाही. पुनर्विवाह हा एक गट घ्या. घटस्फोटित मुलगी, पदरात लहान मूल. तिला सर्वसाधारण ग्रुपवर टाकलं की नको ते फोन येतात. तिच्यासाठी वेगळी यादी, वेगळे प्रश्न हवेत: मुलाला स्वीकारणार का, मुलाची शाळा बदलणार का, आधीच्या पोटगीचं काय. हे प्रश्न पहिल्या भेटीच्या आधी विचारणारं केंद्र मिळालं, तर ती माणसं फीची घासाघीस करत नाहीत. असेच गट म्हणजे पस्तिशीपुढचे, दिव्यांग किंवा साठीनंतर सोबत शोधणारे ज्येष्ठ.

आता एक अवघड गट, शेती करणारी मुलं. २०२२ च्या डिसेंबरात सोलापुरात मुलांनी बाशिंग-मुंडावळ्या बांधून कलेक्टर कचेरीवर मोर्चा काढला होता, तुम्ही बातम्यांत बघितलं असेल. लोक हसले. पण २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ० ते ६ वयाच्या १,००० मुलांमागे ८९४ मुली होत्या, आणि तीच पिढी आता लग्नाच्या वयाला येतेय. या मुलांची नोंदणी सर्रास मिळते. म्हणूनच जपून! तुमच्याकडे २०० मुलगे आणि २० मुली असतील, तर तुम्ही स्थळं विकत नाही, आशा विकताय. नियम करा: एका मुलीमागे दोनपेक्षा जास्त मुलगे झाले की मुलांची नवी नोंदणी बंद, नाव प्रतीक्षा यादीत, पैसे घ्यायचे नाहीत.

आणि "मुलीकडच्यांना दोन लाख द्या, आठ दिवसांत लग्न लावून देतो" असा एजंट दारात आला तर त्याला चहासुद्धा देऊ नका. लग्नानंतर चार दिवसांत नवरी दागिन्यांसकट गायब, ही फसवणूक याच मुलांची होते.

३. गावोगावी प्रतिनिधी

फ्रँचायझी हा शब्द ऐकायला भारी वाटतो. पण फ्रँचायझी दिली की तुमच्या नावाने कोण काय बोलतं, त्यावर ताबा राहत नाही. त्यापेक्षा प्रतिनिधी नेमा. निवृत्त शिक्षक, पोस्टातून रिटायर झालेले काका, बचत गटाच्या अध्यक्ष ताई. ज्यांना गावात मान आहे आणि ज्यांच्या हातात वेळ आहे.

इथे बहुतेक जण एक चूक करतात. प्रतिनिधीला "लग्न जमलं तर पाच हजार" असं कमिशन ठरवतात. मग काय होतं? मुलगा पितो हे त्याला कळलं तरी तो सांगत नाही, कारण सांगितलं तर त्याचे पाच हजार जातात. म्हणून मानधन भेटीमागे द्या, लग्नामागे नाही. अहवाल वाईट आला तरी पैसे तेवढेच.

पुण्या-मुंबईत नोकरी करणारी मुलं-मुली आणि गावाकडचे आईवडील, असं जिथे आहे तिथे दोन्हीकडे एकेक प्रतिनिधी ठेवा. गावातलं घर एक जण बघेल, पिंपरीतली खोली आणि नोकरी दुसरा. मोठ्या साइटना हे जमवणं अवघड आहे, तुम्हाला सोपं आहे.

४. चातुर्मासात मेळावा

आषाढी ते कार्तिकी बहुतेक घरांत लग्नं होत नाहीत. तुळशीचं लग्न लागलं की सीझन सुरू. माझ्या दुकानातही त्या चार महिन्यांत शुकशुकाट असतो. पण लक्षात घ्या, डिसेंबरात लग्न करायचं असेल तर बघण्याचा कार्यक्रम, बैठक, याद्या हे सगळं आधी व्हायला लागतं. म्हणजे तुमचा बिनकामाचा काळ हाच खरा कामाचा काळ आहे.

छोटा मेळावा घ्या. ५०० लोकांचा गोंधळ नको. पडताळणी झालेले ४० मुलगे, ३० मुली आणि सोबत पालक. परिचय पुस्तिकेत मोबाइल नंबर छापू नका, नोंदणी क्रमांक छापा. ज्यांना पुढे बोलायचंय त्यांनी तुमच्यामार्फत बोलायचं. स्टेजवर बोलायला लाजणाऱ्या मुलीला माइक धरायला लावू नका, टेबलावर समोरासमोर दहा मिनिटं द्या. खर्चाचा काही भाग हॉलवाले, फोटोग्राफर, केटरर यांच्या स्टॉलमधून निघतो.

५. लग्न ठरल्यानंतरची कामं

"लग्न पाहावं करून" असं उगाच म्हणत नाहीत. ठरल्यापासून अक्षता पडेपर्यंत घरच्यांची पळापळ असते. हॉल, केटरर, फोटो, पत्रिका, मेंदी, भटजी. तुमच्याकडे विश्वासाने आलेलं कुटुंब पुढचंही तुम्हालाच विचारतं. पाच-सहा खात्रीचे व्यावसायिक जोडा, त्यांच्याकडून ठरावीक रक्कम घ्या आणि ती घेता हे कुटुंबाला सांगा. (यात माझ्या पत्रिकांच्या दुकानाचाही फायदा आहे, तोही उघड सांगितला!)

लग्नानंतर विवाह नोंदणीचे अर्ज भरून द्या. लग्नाआधी दोघांसाठी समुपदेशकाबरोबर दोन तासांची बैठक ठेवा. घरखर्च, आईवडिलांची जबाबदारी, नोकरीचं गाव. हे विषय आधी बोलले गेले, तर बरंच काही वाचतं.

कागदपत्रं: वाढण्याआधी पाया

- आपल्या विवाह नोंदणीच्या दाखल्यावर ज्या कायद्याचं नाव असतं, तो महाराष्ट्र विवाह मंडळांचे विनियमन आणि विवाह नोंदणी अधिनियम १९९८. नाव नीट वाचा, त्यातली "विवाह मंडळं" म्हणजे आपण! केंद्राची नोंदणी करायची असते. तुमच्या भागातल्या विवाह निबंधक कार्यालयात चौकशी करा.
- उद्यम नोंदणी मोफत आहे, कुणाला पैसे देऊ नका. सेवा व्यवसायात वर्षाची उलाढाल २० लाखांपुढे गेली की जीएसटी.
- विवाहविषयक वेबसाइटसाठी केंद्र सरकारने २०१६ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. साइट फक्त विवाहासाठी आहे हे स्पष्ट लिहा, नोंदणी करणाऱ्याचा ओळखपुरावा घ्या, तक्रार ऐकणाऱ्या अधिकाऱ्याचं नाव साइटवर द्या.
- वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये आला. सोप्या भाषेत सांगायचं तर ज्या कामासाठी माहिती घेतली, त्याच कामासाठी वापरायची आणि काम संपलं की काढून टाकायची. लग्न झालेल्या मुलीचा फोटो अजून ग्रुपवर फिरतोय? आजच काढा.
- मुलगी १८ आणि मुलगा २१ पूर्ण नसेल तर नोंदणीच नको. बायोडेटात देण्याघेण्याची ओळ असेल तर तो परत करा. हुंडा देणं-घेणं आणि त्याला मदत करणं, तिन्ही १९६१ च्या कायद्याने गुन्हा आहे.

त्या ताईंचं पुढे काय झालं?

आम्ही ठरवलं, दोन आठवडे नवी नोंदणी बंद. फक्त फोन. ६१२ जणांना. त्यातल्या १४८ जणांची लग्नं कधीच झालेली. ९७ नंबर बंद किंवा चुकीचे. ८३ जण "आता बघत नाही" म्हणाले. उरले २८४. त्यात मुलगे २११, मुली ७३.

ताई गप्पच झाल्या. साडेतीन लाखांचं अॅप त्या मेलेल्या यादीवर बांधणार होत्या.

मग त्यांनी पडताळणी सुरू केली. दुसऱ्याच महिन्यात एका मुलाची पदवी पूर्ण नसल्याचं निघालं. अहवालात लिहिलं, "पदवी प्रमाणपत्र – दिलं नाही". मुलाचे वडील घरी येऊन भांडले, पैसे परत मागितले. ताईंनी दिले. गावात दोन-तीन आठवडे उलटसुलट बोलणी झाली, दोन नोंदण्या गेल्या. ताईंचा मला रात्री फोन, "मॅडम, मी गप्प बसले असते तर?"

मी त्यांना त्या ४०० पत्रिकांची गोष्ट सांगितली. अजून काही बोलायची गरज पडली नाही.

आज त्यांच्याकडे फक्त १९० नोंदण्या आहेत. पहिल्यापेक्षा कितीतरी कमी. पण त्यातल्या ३१ कुटुंबांनी पडताळणी घेतलीय आणि शेजारच्या दोन तालुक्यांत प्रतिनिधी नेमलेत. अॅप अजून घेतलेलं नाही. घेतील तेव्हा स्वतःच्या पैशाने घेतील, असं त्या म्हणतात.

तुमचा गृहपाठ

या आठवड्यात तीन कामं करा.

१. तुमच्या यादीतल्या प्रत्येकाला फोन लावा आणि खरा आकडा काढा. मुलगे किती, मुली किती, तेही वेगळं लिहा.

२. वर दिलेलं गणित तुमच्या आकड्यांनी वहीत मांडा.

३. तुमच्या ओळखीतली, ज्यांच्या शब्दाला गावात किंमत आहे अशी तीन माणसं शोधा आणि त्यांच्याशी बोला.

आणि जे अजून सुरू करणार आहेत त्यांनी आधी एवढंच ठरवा: उद्या एखाद्या मुलीचे वडील तुमच्या दारात येऊन विचारतील, "तुम्ही बघितलं होतं का?" तेव्हा तुमचं उत्तर काय असेल? उत्तर "हो" असेल, तर बिनधास्त या धंद्यात या.

पडताळणी अहवालाचा नमुना कसा बनवायचा, ते पुढच्या व्हिडिओत दाखवते. तोपर्यंत फोन लावायला घ्या. भेटूया!